बुरुजावरचा भात

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
२४ ऑक्टोबर २००५

श्रीमती इशिता हीस,

वर चि. सौ. लिहायची सवय होती. पेन तिथे गेलंही. आता ते लिहिता येत नाही, हे तुला सांगायला नको.

जितेंद्रचं सगळं व्यवस्थित पार पडलं. तुला कळवणं कर्तव्य आहे म्हणून कळवते. विमानतळावर तुझे सासरे आणि जितूचा चुलतभाऊ अमोल गेले होते. पेटी सोडवायला अर्धा दिवस गेला. तिथल्या माणसाने सही घेताना विचारलं, "माल किसका है?" अमोल म्हणाला, "भाई है मेरा."

तू आली नाहीस. आठवा महिना, डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली, तसा कागद फॅक्सने आला. मी वाचला. मी शाळेच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं अशीच सर्टिफिकेटं फाइलला लावली आहेत. काही खरी असतात, काही खोटी. फाइलला दोन्ही चालतात.

दहावा इथेच खाडीवर केला. बायका जात नाहीत, मी गेले. माझा एकुलता एक मुलगा होता, मला कोण अडवणार? ह्यांनी पिंड ठेवले. कावळे पलीकडे खारफुटीवर बसले होते, पण एक जवळ येईना. अमोल म्हणाला, "जितूदादा, काका-काकूंना मी बघीन, तू जा." नाही आला. हे बरंच काही बोलले. मग भटजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या का? मला पुढे मीरा रोडला जायचंय." खाडीवरून वारा सुटला होता. पदर सावरता सावरता माझे हात भरून आले होते.

मग मी पुढे झाले. मी म्हटलं, "जितू, तुला ज्या बाईने घरातून उचलून नेलं, तिचा पाय परत ह्या घराला लागणार नाही. तू निश्चिंत जा."

तो लगेच आला. पिंडाला चोच लावली आणि अर्धा घेऊन उडाला. भटजींनीसुद्धा हात जोडले.

तेव्हा तू समजून घे. मी माझ्या मनाने काही ठरवलेलं नाही. जितूच्या मनात जे अडकलं होतं ते सुटलं. तू नर्स होऊन परदेशी गेलीस, तो तुझ्या मागून गेला. इथे बिल्डरकडे सुपरवायझर होता, चार माणसं साहेब म्हणायची. तिथे जाऊन लोकांचा पडका किल्ला लिंपत बसला आणि त्यावरूनच पडला. हे त्याला शेवटी तरी कळलं असेल.

कपाटात तुझ्या काही साड्या आणि हळदीकुंकवाचा करंडा होता. तो तुला आता लागणार नाही, तरी तुझ्या वडिलांच्या दुकानात केबिन रोडला पोचवला आहे. पोच घेतली आहे.

प्रकृतीला जप. पोटात आमचं आहे.

शुभदा सुभाष पालशेतकर


१६ जानेवारी २००६

चि. नेहा हिच्या आईस,

फोटो मिळाला. मुलगी झाली हे तुझ्या वडिलांकडून आधीच कळलं होतं. कपाळ जितूचं आहे. कानसुद्धा. नाक कोणाचं ते मोठी झाल्यावर कळेल, नाकं बदलतात.

नाव ठेवताना विचारलं नाहीस. ह्यांच्या आईचं नाव मनोरमा होतं, ते ठेवायचं असं जितूशी बोलणं झालं होतं. तिथल्या लोकांना उच्चारता यावं म्हणून नेहा ठेवलंस, असं तू ह्यांना फोनवर म्हणालीस. तिथल्या लोकांची सोय आधी बघितलीस, हे बरंच झालं.

फोटो फ्रेम करायचा होता. तू तिला मांडीवर घेऊन बसलेली होतीस. मी कात्रीने नीट कापला. खांद्यापासून खाली, मग बाजूने. पण तुझा एक हात तिच्या पोटावर आहे, तो काही कापता आला नाही, तो कापला तर तिचं झबलं जातं. म्हणून तो हात तेवढा राहिला आहे. येणारे-जाणारे विचारतात, हात कोणाचा. मी सांगते, नर्सचा.

आता मुद्द्याचं. तुला सुट्टी संपली की ड्यूटी असणार, त्यात नाइट. मुलीला कोण बघणार? कोणीतरी पगारी बाई. त्यापेक्षा तिला इकडे पाठव. वर्षाची झाली की पाठव, येणारं-जाणारं कोणी ना कोणी असतंच. मी रिटायर झाले आहे. घर स्वच्छ आहे, समोरच्या सुगंधाबाईंची मुलगी ट्यूशन घेते, शाळा जवळ आहे.

सुगंधाबाई म्हणाल्या, "अहो शुभदाताई, आईशिवाय तान्हं पोर राहील का?" मी म्हटलं, "मुलाशिवाय आई राहतेय ना?"

तुला शंका नको म्हणून लिहिते. कावळ्याला मी जे बोलले ते तुझ्याबद्दल बोलले. बाळाबद्दल काही बोलले नव्हते. त्यामुळे तिला यायला काही हरकत नाही.

शुभदा


३ जुलै २००६

इशिता,

तुझे वडील काल येऊन गेले. त्यांनी तुला सांगितलंच असेल, पण हरिश्चंद्ररावांना गोष्ट वाढवून सांगायची सवय आहे. दुकानात बसून माणसाला ती लागते. म्हणून काय बोलणं झालं ते मी लिहिते.

आले ते दारातच उभे राहिले. मी म्हटलं, "आत या, तुमच्याबद्दल काही बोललेलं नाही." तर चपला काढून आले आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसले, जसे वसुलीला आलेत.

म्हणाले, "विहीणबाई, पोरगी दिवाळीला यायचं म्हणते. बाळाला घेऊन. चार दिवस तुमच्याकडे राहील, चार दिवस आमच्याकडे."

मी म्हटलं, "बाळाला आणा. तिला तुमच्याकडे ठेवा."

"अहो, ती अंगावर पिते अजून!"

"मग पिणं सुटल्यावर आणा."

त्यावर त्यांचा आवाज चढला. "माझी पोर विधवा झालीय, शुभदाताई. तिने काय खून नाय केला कोणाचा."

मी विचारलं, "चहा घेणार?"

तेव्हा ह्यांनी मान खाली घातली. तुझे सासरे हल्ली प्रत्येक गोष्टीला मान खाली घालतात. तुझे वडील त्यांच्याकडे बघून म्हणाले, "सुभाषराव, तुम्ही तरी बोला. एका कावळ्यापायी तुम्ही माझ्या पोरीला दार बंद करता? उत्तनला जा एकदा. कोळणींनी बोंबील सुकत घातलेत ना, तिथे उभं राहून कायपण बोला. शिव्या द्या, आरती म्हणा. कावळा येतोच! आता काय त्या सगळ्या बोंबलांचे आत्मे शांत झाले म्हणायचे?"

मी म्हटलं, "तुमच्या घरात दहाव्याला बोंबील ठेवत असतील. आमच्यात भात ठेवतात."

चहा न घेता गेले. जिन्यात रडले, असं सुगंधाबाईंनी सांगितलं. मी बघितलं नाही.

तू माझ्याशी वाईट वागलीस असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तू चांगलीच होतीस. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा तू रात्रंदिवस बसली होतीस, ते मी विसरले नाही. पण मी मेलेल्या मुलाला शब्द दिला आहे. जिवंत माणसाला दिलेला शब्द फिरवता येतो, त्याला विचारता येतं, समजावता येतं. मेलेल्याला कसं विचारायचं? तूच सांग, तू शिकलेली आहेस.

दिवाळीला येऊ नकोस. आलीस तर मी दार उघडणार नाही, आणि मजल्यावर तमाशा होईल. तो तुझ्याच मुलीसमोर होईल.

तिला पहिला दात आला का?

शुभदा


मुक्काम गॉलवेजवळ
२१ मे २००७

इशिता,

हे पत्र लॉजच्या मालकीणबाईंकडे ठेवून जाते. तू इथून हाकेच्या अंतरावर राहतेस, मग पत्र कशाला, असं हे म्हणाले. काल किल्ल्यावर जे झालं त्यानंतर मला तोंडाने बोलायला नको वाटतं. आणि तू तुझ्या वडिलांना जे सांगशील, त्याआधी मी बघितलं ते लिहिलेलं असावं.

किल्ला दुरुस्त होऊन लोकांना उघडतायत, पहिल्या दिवशी जितूच्या आईवडिलांनी यावं, असं तुझं आणि त्या मालकांचं पत्र आलं तेव्हा मी नाहीच म्हटलं होतं. हे म्हणाले, "मी एकटा जाईन." लग्नाला पस्तीस वर्षं झाली, एकटा जाईन असं पहिल्यांदा म्हणाले. म्हणून आले. आणि नेहाला बघायचं होतं म्हणून आले. ते मी लपवत नाही.

तुझ्या घरी उतरले नाही. तुझा पाय माझ्या घराला नाही, तर माझा तुझ्या घराला कसा लागेल? हे उतरले. त्यांचं त्यांच्यापाशी.

मला वाटलं होतं किल्ला म्हणजे किल्ला. वसईचा बघितला आहे, घोडबंदरचा बघितला आहे, जितू लहान असताना त्याला रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर नेलं होतं. हा तर एक उभा बुरूज. एका मजल्यावर एक खोली, अशा चार खोल्या. आपल्या बिल्डिंगीपेक्षा ठेंगणा. चारी बाजूंना गवत आणि मेंढरं. समुद्र नाही, तोफ नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी माझा मुलगा गेला, हे बघून मला आधी रडू नाही, रागच आला.

ते मालक, डेक्लनसाहेब, म्हातारे आहेत पण माणूस सावकाश बोलतो, त्यामुळे मला इंग्रजी कळलं. दारातून आत गेल्यावर त्यांनी वर बोट दाखवलं. छताला चौकोनी भोक. म्हणाले, दारात कोणी आलं की वरचा माणूस आधी ह्यातून बघायचा. नको असलेला असेल तर वरून दगड, गरम पाणी. सगळे हसले. तू पण हसलीस. मी नाही हसले. मला ती सोय पटली. दार लावून बसण्यापेक्षा सरळ काम.

जिना गोल आणि अरुंद. तू माझ्या मागे होतीस, ह्यांनी नेहाला खांद्यावर घेतलं होतं. तू म्हणालीस, "आई, पुढची पायरी उंच आहे हां, जपून." मी ऐकलं, पण तुझ्या सांगण्यावरून पाय उचलायचा नव्हता. आपटले. गुडघा सोलला. तू हात पुढे केलास, मी भिंत धरली. डेक्लनसाहेब म्हणाले, ती पायरी मुद्दाम तशी ठेवलेली आहे, घरच्या माणसाच्या पायाला ठाऊक असते, परका पडतो. जितू पहिल्या आठवड्यात ती फोडून सरळ करायला निघाला होता म्हणे. कोणाची तरी आई पडेल, असं म्हणाला होता.

हे तू मला आधी कधी सांगितलं नाहीस.

वरच्या खोलीच्या छताला गिलाव्यात टोपलीसारखे ठसे आहेत. पूर्वी तिथे ओल्या काठ्या विणून त्यावर चुना थापायचे. एका कोपऱ्यातलं पडलं होतं, ते जितूने नव्याने केलं. डेक्लनसाहेबांनी टॉर्च मारून दाखवलं. बाकी सगळीकडे वीण एक, त्या कोपऱ्यात वेगळी. त्यांना वाटलं होतं तो चुकला. मी बघितल्याबरोबर ओळखलं. जितूचे आजोबा कोकणात घराच्या भिंतीचा कूड असा विणायचे, दोन काठ्या वर, एक खाली. जितू पाच-सहा वर्षांचा असताना त्यांच्या शेजारी बसून काठ्या द्यायचा. त्या परक्या देशात, त्या परक्या छताला, माझ्या सासऱ्यांचा कूड आहे.

मी तिथे थोडा वेळ थांबले होते. तू मला पाण्याची बाटली दिलीस. मी घेतली, हेही लिहिते. पाणी कोणाकडूनही घ्यावं.

मग गच्चीवर गेलो. डेक्लनसाहेबांनी टोपी काढली आणि कोपरा दाखवला. आता तिथे लोखंडी कठडा आहे. नंतर ते खाली गेले, मुद्दाम. तू पिशवीतून स्टीलचा डबा काढलास. तो डबा माझाच होता, तुम्ही गेलात तेव्हा मी त्यात चिवडा दिला होता. त्यात दहीभात.

तू म्हणालीस, "आई, तुम्ही खाडीवर काय बोललात ते मला तोंडपाठ आहे. दीड वर्ष झालं. मी काही म्हणत नाही. हा भात ठेवा इथे, आणि जितूला एकदाच सांगा की इशिता घरी येतेय. बस. तो ऐकेल. तुमचं तो नेहमी ऐकायचा."

मी म्हटलं, "माझं ऐकलं असतं तर इथे मेला असता का?"

ह्यांनी "शुभदा!" म्हटलं. डबा तसाच धरून राहिलीस. नेहा माझ्याकडे बघत होती. तोवर ती माझ्याकडे यायला तयार नव्हती, मला बघून रडत होती. त्या वेळी ती रडली नाही. तेव्हा मी डबा घेतला. मी भात कठड्याशेजारी दगडावर ठेवला, स्वतःच्या हाताने ठेवला, हे लक्षात असू दे.

तिथले कावळे बारके असतात. मानेला राखाडी, डोळे पांढरट, पिठात बोट बुडवून टिकली लावावी तसे. बुरुजाच्या भोकाभोकात त्यांची घरटी. मी हात जोडले. तोंड उघडलं. तेवढ्यात तीन आले आणि भातावर तुटून पडले. माझ्या हाताला पंख लागला.

तू टाळ्या वाजवल्यास. "शिवला! आई, शिवला!"

मी म्हटलं, "कशाला शिवला? मी कुठे काही बोलले?"

"मग आता बोला."

"आता काय उपयोग? भात संपला."

तू आधी हसलीस. मग हसता हसता तुझा चेहरा बदलला. म्हणालीस, "आई, त्यांना भूक लागते हो. लोक इथे बटाट्याचे चिप्स टाकतात, ते पण खातात. त्यांना काय कळतं?"

मी म्हटलं, "आणि भाईंदरच्या कावळ्याला भूक नव्हती? एवढ्या वेळात एकदाही का नाही आला? मी बोलल्यावरच का आला?"

तेव्हा हे बोलले. नेहा त्यांच्या खांद्यावर होती, तिचा पाय त्यांच्या हातात होता.

"आला होता," हे म्हणाले. "शुभदा, तो आला होता. मी म्हटलं ना, जितू, इशिता आमची मुलगी आहे, तिचं बाळंतपण आम्ही करू. तेव्हा आला होता. पिंडापासून वीतभर होता. तू पदर उडवलास."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. तुझे डोळे कोरडे होते. रडली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

तर आता माझं म्हणणं. त्यांना तसं दिसलं असेल. पण त्या दिवशी वारा होता. माझ्या पहिल्या पत्रात मी वाऱ्याचं लिहिलं आहे, वर तारीख आहे, काढून बघ. मी पदर सावरला. एखादा कावळा त्याच वेळी उडाला असेल तर तो त्याच्या कारणाने उडाला असेल. शिवाय दीड वर्ष हे गप्प होते. खरी गोष्ट माणूस दीड वर्ष पोटात ठेवतो का?

दुसरं. इथले ते आपले कावळे नव्हेतच. डेक्लनसाहेबांनी त्यांचं वेगळं नाव सांगितलं. तेव्हा काल जे झालं ते धरता येत नाही, कुठल्याच बाजूने.

तू डब्याचं झाकण लावलंस. म्हणालीस, "चला बाबा, खाली जाऊ." जिन्यात तुझा आवाज आला, "आई, ती पायरी." मला ती आता ठाऊक होती.

नेहाने जाताना मला हात केला नाही. तू शिकवलं नसशील.

शुभदा


जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
१२ फेब्रुवारी २००८

इशिता,

हे तिकडे सुखरूप पोचल्याचं अमोलने सांगितलं. त्यांच्या बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत आहेत, सकाळी एक. विसरतात. तू नर्स आहेस, बघशील.

ते कायमचे गेले की काही महिन्यांसाठी, हे मला त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तू ड्यूटीला असताना नेहाला सांभाळतील, असं म्हणाले. बॅग भरताना फक्त एवढंच म्हणाले, "शुभदा, तुझ्या दहाव्याला मी येईन. मीच बोलेन कावळ्याशी. त्या दिवशी वारा असेल तर माझा इलाज नाही."

मी विचारलं, "डब्यात काय देऊ?"

म्हणाले, "काही नको."

दारातून जाताना त्यांनी फ्रेम उचलली. ती कापलेल्या फोटोची. मी म्हटलं, "ती राहू दे." ते म्हणाले, "हा हात माझ्या सुनेचा आहे." घेऊन गेले. भिंतीवर खिळा आहे.

सुगंधाबाई हल्ली येत नाहीत. मुलीची परीक्षा आहे म्हणतात. अमोल रविवारी येतो म्हणतो, येत नाही. तुझ्या वडिलांना केबिन रोडवर बघितलं, मला बघताच ते दुकानातल्या माणसाशी बोलायला लागले. उगाच बोलायला लागले, तो माणूस तर पुढे गिऱ्हाइकाला कंपास दाखवत होता. तर मी जे म्हटलं होतं की तिचा पाय ह्या घराला लागणार नाही, त्यात आता कोणाचाच लागत नाही. जितूच्या मनात एवढं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज भात ठेवते. सोसायटीची नोटीस आली, घाण होते म्हणून. तरी ठेवते. कावळा येतो. एकच आहे, त्याच्या डाव्या पायाला गाठ आहे, त्यामुळे ओळखू येतो.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "इशिता घरी आली तरी चालेल." त्याने खाल्लं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "येऊ नये." खाल्लं. मग जितूचं नाव घेऊन म्हटलं, मग नाव न घेता म्हटलं. खाल्लं. एक दिवस तोंडाला कुलूप लावून उभी राहिले. खाल्लं. एक दिवस पदर उडवला. मुद्दाम, जोरात. तो उडाला, समोरच्या केबलवर बसला, आणि मी हात खाली घेतल्यावर परत आला, आणि खाल्लं.

म्हणजे हरिश्चंद्ररावांचं खरं. आता हे तुला मिळालं, आता तुला बरं वाटेल. पण पुढचं ऐक. कावळ्याला जर काहीच कळत नसेल, तर त्या दिवशी खाडीवर मी बोलले ते जितूने ऐकलंच नाही. मग तो माझ्याशी शेवटचं काही न बोलता, न ऐकता गेला. पेटीतून आला आणि गेला. ते मला चालणार नाही. त्यापेक्षा त्याने ऐकलं, आणि हो म्हटलं, आणि शिवला. तेच खरं धरायचं ठरवलं आहे. त्यासाठी तुला बाहेर राहावं लागेल. दुसरा मार्ग मला सापडला नाही. मी सगळं करून बघितलं.

भिंत रिकामी दिसते. नेहाचा नवा फोटो पाठव. उभा असू दे, फ्रेम त्या मापाची मिळते. त्या बुरुजासमोर काढलास तर चालेल, मागचा दगड तरी जितूच्या हातचा असेल.

आणि काढताना तिला धरू नकोस. आता ती आपली आपण उभी राहत असेल. परत कापायला लागू नये.

शुभदा